ग्रुप सुटला, गाणी कुणाची? बेळगावच्या एका माजी पॉप गायिकेचं प्रकरण

पार्श्वभूमी

ओळख पटू नये म्हणून या लेखात कुणाचंच नाव घेतलेलं नाही, ग्रुपचंही नाही, आणि एकदोन तपशील फिरवले आहेत. कागद आणि निर्णय ज्या क्रमाने आले तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे. माझा संबंध कागदांपुरता. बेळगावात छोट्या व्यावसायिकांचे हिशेब आणि करारमदार बघायचं माझं काम, आणि त्यात गेल्या काही वर्षांत ऑर्केस्ट्रावाले, साउंडवाले, क्लासवाले यांची भर पडत गेली आहे.

गायिका बेळगावच्या जुन्या भागातली. घरात मराठी, गल्लीत मराठी आणि कन्नड दोन्ही, शाळा सातवीपर्यंत मराठी माध्यमाची. शास्त्रीय गाण्याची बैठक लहानपणापासून. त्याचं इथे कुणाला अप्रूप नाही. कुमार गंधर्व याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचे. तिच्यावर खरी मोहिनी घातली ती टीव्हीने. २००२ साली चॅनल व्हीच्या स्पर्धेतून ‘विवा’ हा पाच मुलींचा ग्रुप निघाला तेव्हा ती शाळेत होती. ग्रुप काही वर्षांतच विखुरला. त्यातल्या अनुष्का मनचंदा आणि नेहा भसीन पुढे हिंदी सिनेमात स्वतःच्या नावावर गायल्या, आणि हे तिला तपशीलवार माहीत होतं. ग्रुप संपला तरी गळा उरतो, एवढं तिने त्यातून घेतलं होतं. बाकी काय काय उरतं आणि काय जातं, हा या प्रकरणाचा विषय.

२०१० मध्ये कॉलेजच्या गॅदरिंगमधून पाच जणांचा ग्रुप जमला: दोन गायिका, कीबोर्ड, गिटार, ड्रम. बेळगावचा फायदा असा की दोन-अडीच तासांच्या अंतरात तीन वेगवेगळे बाजार आहेत. चोर्ला घाट उतरला की गोव्याची हॉटेलं, हायवेने वर गेलं की कोल्हापूर, खाली गेलं की धारवाड-हुबळीची कॉलेजं. शिवाय घरचे गणपती, खानापूरकडची लग्नं, निपाणी-चिकोडी भागातल्या मंडळांचे कार्यक्रम. एकाच आठवड्यात मराठी, कन्नड, हिंदी आणि कोकणी गाणारे ग्रुप इथे कमी नाहीत. हे पाच जण त्यात उठून दिसायचे, कारण त्यांची स्वतःची सात गाणी होती.

व्यवहार असा. सुपारी घ्यायचा कीबोर्डवाला, तो वयाने मोठा, सगळे त्याला दादा म्हणायचे. इसार त्याच्या खात्यावर यायचा. कार्यक्रम संपला की परतीच्या वाटेवर गाडीतच हिशेब व्हायचा: डिझेल, साउंडवाला, जेवण वजा, आणि उरलेल्या बिदागीचे पाच सारखे भाग. कागद एकही नाही. हे पाच सारखे भाग पुढे फार महत्त्वाचे ठरले.

सातपैकी चार गाण्यांचे शब्द तिचे. त्यातल्या एकाचा मुखडा मराठी आणि अंतरे कन्नड होते. २०१३ मध्ये पाचही जणांनी वर्गणी काढून कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत ही गाणी रेकॉर्ड केली. बाहेरगावच्या एका छोट्या कंपनीने ती यूट्यूबवर आणि कॉलरट्यूनला लावायची तयारी दाखवली आणि शंभराच्या स्टॅम्पपेपरवर एका पानाचा कागद पाठवला. पाचही जणांनी सह्या केल्या. वाचला एकट्या ड्रमरने, आणि त्यालाही तो कळला नव्हता, हे तो स्वतःच सांगतो.

२०१६ मध्ये ती थांबली. सातवा महिना, गोव्याचा सीझन, रात्री दोन वाजता घाटातून परत येणं. सासूबाईंनी एकदाच विचारलं आणि तिने मान हलवली. त्याआधी ‘गीत-संगीत’ म्हणून पोस्टरवर कुणाचं नाव जावं यावरून दोनदा खटके उडाले होते, तेही मनात होतं. पण दादाला तिने सांगितलं ते इतकंच, की काही दिवस थांबते. सोडते असं ती म्हणाली नाही आणि सोडलीस का असं कुणी विचारलं नाही. पुढच्या कार्यक्रमाच्या पोस्टरवर दुसरी मुलगी होती.

अडचण

पुढची चार-पाच वर्षं तशी सरळ गेली. मुलगी झाली. आवाज पूर्ववत व्हायला वर्षभर लागलं. टिळकवाडीत एक खोली भाड्याने घेऊन तिने सुगम संगीताचा क्लास काढला, आषाढी-कार्तिकीला अभंगांचे कार्यक्रम केले. पॉप मागे पडलं आणि तिला त्याचं दुःख होतं असंही नाही.

२०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामवर रील्स सुरू झाल्या, आणि टाळेबंदीत रिकामे बसलेल्या लोकांनी जुनी गाणी खोदून काढायला सुरुवात केली. तिचं ते मराठी-कन्नड गाणं कुणीतरी लग्नाच्या व्हिडिओला लावलं. मग हळदीला, मग डोहाळजेवणाला. वर्षभरात गाणं तिच्या क्लासमधल्या पोरींच्या तोंडी आलं, आणि त्यांना ते बाईंचं आहे हे ठाऊक नव्हतं.

ते हसण्यावारी गेलं असतं. पण २०२२ च्या गणेशोत्सवात ती मुलीला घेऊन एका मंडळाचा कार्यक्रम ऐकायला गेली. स्टेजवर तिचाच जुना ग्रुप. नवी गायिका बाकीची गाणी स्वतः गायली. या गाण्याला मात्र माइक तोंडाशी धरून ओठ हलवत होती, आणि स्पीकरमधून २०१३ चं रेकॉर्डिंग वाजत होतं. दुसऱ्या अंतऱ्यात एका ओळीआधी श्वास जरा जोरात घेतलेला ऐकू येतो. रेकॉर्डिंगच्या दिवशी तिला सर्दी होती. तो श्वास ऐकला आणि तिला पायाखालची जमीन सरकल्यासारखं झालं, असं ती म्हणते.

त्याच महिन्यात ड्रमरने तिला फोन करून सांगितलं की एका जाहिरात एजन्सीचा यूट्यूब चॅनलच्या ईमेलवर निरोप आलाय, गाणं हवंय, आणि दादा एकटाच त्यांच्याशी बोलतोय. चॅनल दादाच्या गुगल खात्यावर होता. कंपनीचाही त्या गाण्यावर यूट्यूबवर दावा लावलेला होता, त्यामुळे जाहिरातींचे पैसे जे काही येत होते ते कंपनीकडे जात होते. तिसरीकडे निपाणी भागातल्या एका मंडळाने तिला एकटीला बोलावलं आणि पोस्टरवर ग्रुपचं नाव भलं मोठं छापून त्याखाली तिचं बारीक अक्षरात घातलं. दादाचा व्हॉट्सअॅपवर मेसेज आला: आमचं नाव वापरलंस तर बघून घेईन.

तिने फोन लावला. त्या बोलण्यातली दोन वाक्यं तिने मला जशीच्या तशी सांगितली. तो म्हणाला, “तूच गेलीस की गं. आता कसला हिशेब मागायलीस?” ती म्हणाली, “मी गेले खरं गाणी कुठं गेलीत दादा?” आणि फोन ठेवला.

कागद मांडल्यावर काय दिसलं

ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या डोक्यात सगळं एकच होतं: ग्रुपचं नाव, राहिलेले पैसे, गाणं, आवाज, अपमान. माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी काम वकिलाकडे जाण्याआधीच झालं, ते म्हणजे ही मोळी सोडवून एकेक काटकी वेगळी ठेवणं. पुढचं कायद्याचं बोलणं धारवाडकडच्या एका वकीलबाईंनी तपासून दिलेलं आहे.

नाव. लेखी करार नसला तरी मिळून धंदा करून नफा वाटून घेणं ही १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे भागीदारीच, आणि गाडीतले ते पाच सारखे भाग हा त्याचा पुरावा. म्हणजे ‘ती पगारावर होती’ हे दादाचं म्हणणं टिकणारं नव्हतं. पण त्याच कायद्याचं कलम ३६ तिच्या विरोधात जात होतं. बाहेर पडलेल्या भागीदाराला तोच धंदा स्वतंत्रपणे करता येतो, जाहिरातही करता येते. मात्र वेगळं ठरलेलं नसेल तर फर्मचं नाव वापरता येत नाही, आपण तीच फर्म आहोत असं भासवता येत नाही, आणि तिच्या जुन्या गिऱ्हाइकांकडे काम मागायला जाता येत नाही. निपाणीचं पोस्टर तिने छापलेलं नव्हतं, पण अडचण तिचीच होती.

जुने पैसे. साउंडची सामग्री, शेवटच्या सीझनची बिदागी, यांतला तिचा वाटा २०१६ साली मागायला हवा होता. असल्या हिशेबाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. २०२२ मध्ये तो विषय संपलेला होता. हे ऐकायला तिला जड गेलं.

गाणी. इथे चित्र उलटं निघालं. गीत ही एक कृती, चाल ही दुसरी, रेकॉर्डिंग ही तिसरी आणि गायिकेचं सादरीकरण हा चौथा, वेगळा हक्क. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या जूनमध्ये लागू झालेल्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा कंपनीला लिहूनच देता येत नाही. तसं लिहिलेला करार त्यापुरता रद्द. कागद २०१३ चा, म्हणजे दुरुस्तीनंतरचा. आणि त्या एका पानावर ‘सर्व हक्क’ असं मोघम लिहिलेलं होतं, किती वर्षांसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी याचा पत्ता नव्हता. कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं की मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. कंपनीचा हक्क २०१८ मध्येच संपला होता! चार वर्षं सगळे जण, दादासकट, कंपनीला मालक समजून चालले होते. रेकॉर्डिंगचा खर्चही कंपनीने केलेला नव्हता, तो पाच जणांच्या वर्गणीचा होता, आणि कोल्हापूरच्या स्टुडिओची पावती गिटारवाल्याच्या घरी फाइलमध्ये मिळाली. गिटारवाल्यासारखी माणसं प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी असावी.

आवाज. सादरकर्त्याचा हक्क ५० वर्षांचा असतो, आणि ज्याचं सादरीकरण आहे त्याची ओळख त्याच्याच नावाने दिली जावी हाही त्यातला एक हक्क. स्टेजवर ओठ हलवणं ही नुसती लबाडी नव्हती.

शब्द तिचेच हे सिद्ध करायला एक दोनशे पानी वही होती. गाण्याच्या पानावर वायव्य कर्नाटक परिवहनच्या बसचं तिकीट चिकटलेलं, त्यावर तारीख. मराठी ओळींत खाडाखोड, एक शब्द तीनदा बदललेला. आणि खालच्या कन्नड ओळी देवनागरीत लिहिलेल्या, कारण मराठी शाळेतली ही मुलगी कन्नड बोलते फर्डं पण लिहिते देवनागरीतच. दादाचं कन्नड दुकानात सामान घेण्यापुरतं. ते पान मी मोबाइलवर काढून वकीलबाईंना पाठवलं, तर त्यांनी उलट फक्त इतकंच लिहिलं: वही सांभाळा.

चालीबद्दल मात्र तिची बाजू तितकी भक्कम नव्हती. मुखडा तिने गुणगुणलेला, अंतऱ्याची चाल आणि मधले सगळे तुकडे दादाचे. ते तिने स्वतःहून सांगितलं.

पर्याय

सोडून द्यावं, असं घरच्यांचं मत होतं. क्लास चालतोय, मुलगी लहान आहे, वाईटपणा कशाला? हा पर्याय मी तरी हलका धरत नाही. बेळगावसारख्या गावात साउंडवाला तोच, मंडळं तीच, आणि दादाच्या बायकोची भाची तिच्याच क्लासला.

दुसरा, यूट्यूबवर कॉपीराइटची तक्रार करून गाणं उतरवणं. ड्रमर याच बाजूचा. हे घरबसल्या होतं, आणि ९० दिवसांत तीन तक्रारी पक्क्या झाल्या तर आख्खा चॅनल जाऊ शकतो. पण गाणं उतरलं की त्याची सात-आठ वर्षांची ऐकणाऱ्यांची बेरीजही जाते, आणि रेकॉर्डिंगमध्ये बाकी चौघांचाही वाटा आहे. स्वतःच्या हाताने स्वतःचं गाणं पुसणं तिला पटलं नाही.

तिसरा, दावा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ मुळे दावा करणाऱ्याला आपण राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात जाता येतं, त्यामुळे बाहेरगावच्या कंपनीलाही बेळगावात यावं लागलं असतं. मात्र व्यापारी स्वरूपाचा आणि तीन लाखांवरचा वाद असेल, आणि तातडीच्या मनाईची मागणी नसेल, तर आधी मध्यस्थीतून जावंच लागतं. म्हणजे अखेर टेबलाशी बसायचं ते बसायचंच.

चौथा पर्याय दादाकडूनच आला, ड्रमरमार्फत: परत ये, ‘जुनी जोडी’ म्हणून दहा कार्यक्रम करू. पैसे चांगले होते. ती दोन दिवस विचार करत होती. मला हा पर्याय धोक्याचा वाटला, कारण काहीही मिटण्याआधी स्टेजवर एकत्र उभं राहिलं की मागचं सगळं मान्य होतं असा अर्थ निघतो.

नावाच्या बाबतीत मी तिला ब्रिटनच्या ‘शुगाबेब्ज’ची गोष्ट सांगितली. १९९८ मध्ये तीन मुलींनी काढलेला ग्रुप. एकेक करत तिघीही बाहेर पडल्या, २००९ पर्यंत मूळची एकही उरली नाही, आणि नाव दुसऱ्याच तिघी चालवत राहिल्या. मूळच्या तिघींनी पुढे एकत्र येऊन स्वतःच्या नावांची आद्याक्षरं लावून कार्यक्रम केले आणि जुनं नाव त्यांना परत मिळायला २०१९ उजाडलं. तिने विचारलं, “तेवढ्या वर्षांत त्यांनी किती गाणी केली असती?” मला वाटतं नावाचा निर्णय तिथेच झाला.

काय केलं

पहिलं पत्र कंपनीला गेलं, दादाला नाही. हा क्रम जाणूनबुजून ठेवला. दादाशी भांडण हे घरचं भांडण होतं. कंपनीचा दावा उठला तर त्यात दादाचाही फायदा होता, आणि समोर ठेवायला काहीतरी हातात असणार होतं. पत्रात कलम १९, कागदाची तारीख आणि स्टुडिओच्या पावतीची प्रत, एवढंच. आठवणीचं दुसरं पत्र पाठवावं लागलं. त्यानंतर कंपनीने काही न कळवता दावा मागे घेतला. मागच्या चार वर्षांच्या पैशांचा हिशेब कंपनीने दिला नाही, आणि तो खेचत बसायचा नाही असं तिने ठरवलं.

दरम्यान तिने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासदत्व घेतलं. गीतकार-संगीतकारांची ही संस्था १९६९ पासून आहे, पण आपल्याकडच्या स्टेजवरच्या मंडळींना ती फारशी माहीत नसते. चार गीतांची नोंद तिच्या नावावर झाली. त्या एका गाण्याच्या चालीत तिने अर्धा वाटा दादाचा लिहिला, त्याला न विचारता. वकीलबाईंनी भुवया उंचावल्या. पुढे बैठकीत हीच गोष्ट कामाला आली.

वहीतल्या गीतांची कॉपीराइट कार्यालयातही नोंदणी केली. हक्क नोंदणीशिवायही असतो. पण उद्या पुरावा म्हणून दाखवायला कागद बरा पडतो आणि गीताला फी ५०० रुपये आहे. अर्ज केल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. या काळात कुणाची हरकत आली नाही.

बैठक वडगावात साउंडवाल्याच्या गोदामात झाली. तो दोघांना पहिल्या कार्यक्रमापासून ओळखणारा, त्याचं कुणी मोडत नाही. मी मुद्दे एका कागदावर लिहून नेले होते, पण पहिला अर्धा तास त्यांतल्या कशावरही बोलणं झालं नाही. दादाचं म्हणणं होतं की तू गेलीस आणि आम्हाला सीझनच्या तोंडावर उघड्यावर टाकलंस, नव्या मुलीला तयार करायला सहा महिने लागले, ते नुकसान कुणी मोजलं? हे खरं होतं आणि तिने ते मान्य केलं. मग साउंडवाल्याने चहा मागवला, आणि मी नोंदणीचा कागद पुढे केला. चालीसमोर आपलं नाव बघून दादा बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, लिहा काय लिहायचं ते.

लिहिलं ते असं. ग्रुपचं नाव चौघांकडे राहील, तिने त्यावर हक्क सांगायचा नाही. ती स्वतःची ओळख ‘माजी गायिका’ म्हणून ग्रुपच्या नावासह देऊ शकते, पण पोस्टरवर ते नाव तिच्या नावापेक्षा मोठं असायचं नाही, आणि ही अट आयोजकाला ती लेखी कळवेल. तिचा रेकॉर्ड केलेला आवाज स्टेजवर वाजवायचा नाही. गाणं नव्या गायिकेने जरूर गावं, स्वतःच्या गळ्याने. चॅनलवर प्रत्येक गाण्याखाली गीत, चाल, गायन यांची नावं येतील. रेकॉर्डिंगचं उत्पन्न पाच भागांत. जाहिरात किंवा सिनेमासाठी गाणं द्यायचं तर तिची आणि दादाची दोघांची सही हवी, आणि विचारणा आल्यापासून सात दिवसांत दोघांनी हो-नाही कळवायचं.

ही सात दिवसांची अट महागात पडून शिकलेली. पत्रव्यवहार चालू असताना ती एजन्सी कंटाळून दुसऱ्या गाण्याकडे वळली होती.

नोव्हेंबरचं बोलावणं

हे सगळं चालू असताना एक वेगळाच पेच आला, आणि माझ्या मते तो ग्रुपच्या वादापेक्षा अवघड होता. गाण्यातल्या कन्नड अंतऱ्यांमुळे तिला कन्नड आयोजकांची बोलावणी येऊ लागली होती. ग्रुपमध्ये असताना कुठल्या स्टेजवर कुठल्या दिवशी जायचं हे दादा ठरवायचा, आणि जबाबदारी पाच जणांत वाटली जायची. आता बोलावणं तिच्या एकटीच्या नावाने आलं: शेजारच्या तालुक्यात १ नोव्हेंबरला, राज्योत्सवाच्या स्टेजवर.

बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं. १९५६ च्या १ नोव्हेंबरला भाषावार राज्यरचना अमलात आली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. तो दिवस कर्नाटकात राज्योत्सव म्हणून साजरा होतो आणि इथले मराठी लोक तो काळा दिवस म्हणून पाळतात. तिचा सासरा आयुष्यभर त्या दिवशीच्या फेरीत चालला. तिच्या क्लासमध्ये मात्र निम्मी मुलं कन्नड घरांतली.

जाणं, न जाणं, किंवा आजारी असल्याचं सांगणं, हे तीनच रस्ते तिला दिसत होते. तिसरा बहुतेक कलाकार घेतात. मी चौथा सुचवला. राज्योत्सवाचे कार्यक्रम नोव्हेंबरभर चालतात. तारीख बदलून मागावी आणि कारण खरं सांगावं. तिने आयोजकांना फोन करून कन्नडमध्ये सांगितलं की त्या दिवशी मी कुठल्याच स्टेजवर नसते, ना तुमच्या ना आमच्या. महिन्यात दुसरा कुठलाही दिवस द्या, मी येईन आणि कन्नडच गाईन. मधल्या पंधरवड्यात कार्यक्रम झाला. बिदागी कमी मिळाली, कारण मुख्य दिवसाचा भाव वेगळा. गल्लीतल्या एकदोघांनी तरीही तोंड फिरवलं. सासऱ्याने काही म्हटलं नाही, आणि त्या घरात न म्हणणं म्हणजे परवानगी.

‘त्या दिवशी कुठल्याच स्टेजवर नाही’ हा नियम तिने पुढेही ठेवला आहे. तो सगळ्यांनी ठेवावा असं माझं म्हणणं नाही. तिच्या घराला आणि तिच्या क्लासला तो बसला.

निष्पत्ती

२०२३ मध्ये समझोत्यावर सह्या झाल्या. ग्रुप चालू आहे, नव्या गायिकेने ते गाणं खालच्या पट्टीत बसवलं आहे आणि चांगलं गाते. गीतांची रॉयल्टी येते. तिच्यावर घर चालणार नाही, पण टिळकवाडीच्या खोलीचं भाडं बऱ्याच महिन्यांत त्यातून निघतं. स्वतःच्या नावावर तिने दोन नवी गाणी केली. ती रीलवर चालली नाहीत. कार्यक्रम मात्र आता तिच्या नावाने ठरतात, आणि पोस्टरवरची ‘माजी गायिका’ ही ओळ दरवर्षी थोडी बारीक होत चालली आहे, ते तिच्याच सांगण्यावरून.

दादाशी संबंध कामापुरते. बायकोची भाची क्लासला येते.

वेगळं काय करता आलं असतं

२०१६ मध्ये ‘काही दिवस थांबते’ऐवजी एक ओळीचा मेसेज पुरला असता: अमुक तारखेपासून मी ग्रुपमध्ये नाही, माझा हिशेब करा, माझी गीतं माझी आहेत. तो न पाठवल्यामुळे सामग्रीतला वाटा मुदतीत बुडाला. कायद्यात यावर एक तरतूद होती: हिशेब न मिटवता बाकीच्यांनी धंदा चालू ठेवला तर बाहेर पडलेल्याला नफ्यातला वाटा किंवा सहा टक्के व्याज मागता येतं. तीही वेळेतच मागायची असते.

कंपनीला पत्र जाण्याआधी जाहिरात एजन्सीला दोन ओळी लिहायला हव्या होत्या, की हक्कांचा प्रश्न आहे, महिनाभर थांबाल का. वकीलबाईंचं मत होतं की त्याने एजन्सी आणखी लवकर पळाली असती. असेल. पण तेव्हा कुणी विचारलंच नाही.

चॅनल अजूनही दादाच्या एकट्याच्या खात्यावर आहे. समझोत्यात तो पाच जणांच्या सामाईक खात्यावर हलवायचा मुद्दा मी मांडला होता, तो दादाने उडवून लावला आणि तिने ताणलं नाही. उद्या ते खातं बंद पडलं किंवा पासवर्ड हरवला तर पुन्हा गोदामात जमावं लागेल.

ग्रुपच्या नावाचा ट्रेडमार्क मात्र चौघांनी तिच्या प्रकरणानंतर टाकला, मनोरंजनाच्या ४१ व्या वर्गात. अर्ज माझ्याकडूनच गेला. अर्जदार म्हणून कुणाचं नाव घालायचं यावर चौघांचं एकमत व्हायला तीन आठवडे लागले, आणि शेवटी ड्रमरने हट्ट धरून लेखी भागीदारीचा करार आधी करून घेतला. त्यात सोडून जाणाऱ्याने किती दिवस आधी सांगायचं याचंही एक कलम आहे. ते त्याने वाचून, समजून सही केलं.